कुटुंब नियोजनाच्या आंतरराष्ट्रीय संस्था: पैसा कुणाचा, धोरण कुणाचं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

२०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदतीचा नळ बंद केला, तेव्हापासून हे प्रश्न नव्या जोमाने विचारले जातायत. विचारणारे तऱ्हेतऱ्हेचे असतात. समाजकार्याचे विद्यार्थी असतात, छोट्या संस्थांचे विश्वस्त असतात, आणि ‘हे सगळं परदेशी पैशावर चाललेलं षड्‌यंत्र आहे’ असं आधीच ठरवून आलेलेही असतात. उत्तरं सगळ्यांना एकच.

नेमक्या कोणत्या संस्थांबद्दल बोलतोय आपण?

मोजकीच नावं आहेत. इंटरनॅशनल प्लॅन्ड पेरेंटहूड फेडरेशन, म्हणजे आयपीपीएफ, हा देशोदेशीच्या संघटनांचा महासंघ. त्याचं मुख्यालय लंडनला. एमएसआय रिप्रॉडक्टिव्ह चॉइसेस हीसुद्धा लंडनची. २०२० पर्यंत तिचं नाव मेरी स्टोप्स इंटरनॅशनल होतं. पाथफाइंडर, पॉप्युलेशन सर्व्हिसेस इंटरनॅशनल आणि डीकेटी या अमेरिकी. न्यूयॉर्कची पॉप्युलेशन कौन्सिल मुख्यतः संशोधन करते. ती १९५२ मध्ये जॉन डी. रॉकफेलर तिसरे यांनी काढली. शिवाय संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी, यूएनएफपीए. तो बिगरसरकारी नाही, पण पैशाच्या बाबतीत त्याचीही गत फारशी वेगळी नाही.

आयपीपीएफची स्थापना मुंबईत झाली हे खरं का?

खरं आहे. १९४९ मध्ये मुंबईत फॅमिली प्लॅनिंग असोसिएशन ऑफ इंडिया सुरू झाली. तिच्या अध्यक्ष धन्वंती रामा राव. नोव्हेंबर १९५२ मध्ये या संस्थेच्या यजमानपदाखाली मुंबईत आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तिथेच आठ देशांच्या संघटनांनी महासंघ स्थापन केला. अमेरिकेच्या मार्गारेट सँगर आणि स्वीडनच्या एलिझ ओटेसन-येन्सन या त्यातल्या पुढाकार घेणाऱ्या. पहिल्या पंचवार्षिक योजनेत कुटुंब नियोजनासाठी ६५ लाख रुपये ठेवून भारताने जगातला पहिला सरकारी कार्यक्रम सुरू केला, तोही याच सुमारास.

मराठी वाचकाला इथे र. धों. कर्वे आठवणारच. त्यांनी मुंबईत १९२१ मध्येच संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं होतं. त्यापायी विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी गेली. पुढे १९२७ पासून १९५३ पर्यंत त्यांनी पदरमोड करून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. कर्व्यांना कुणा देणगीदाराने अट घातली नाही, कारण पैसे देणारा कुणी नव्हताच. त्यांच्याइतकं स्वतंत्र धोरण पुढे कुणाला परवडलं नाही. पण त्यांचं काम एका माणसाच्या खिशात मावेल एवढंच राहिलं. कुठलीही संस्था वाढायची म्हणते तेव्हा या पेचात सापडते.

या संस्थांना पैसा देतं कोण?

सर्वात जास्त सरकारं. आयपीपीएफच्या उत्पन्नाचा मोठा भाग सरकारी अनुदानाचा असतो. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, नेदरलँड्स, जर्मनी, जपान हे त्यातले जुने दाते. त्यानंतर येतात गेट्स, पॅकार्ड, ह्युलेट, बफे यांची फाउंडेशनं. सामान्य माणसाची वर्गणी आणि सेवांचं शुल्क ही त्यापुढे छोटी रक्कम असते. डीकेटी मात्र याला अपवाद, तिच्याबद्दल पुढे.

रकमेइतकाच तिचा प्रकार महत्त्वाचा असतो. मोकळा निधी म्हणजे संस्थेच्या मंडळाने हवा तिथे वापरावा असा पैसा. बांधलेला निधी म्हणजे अमुक देश, अमुक वर्षं, अमुक साधनं, इतक्या बायका असं ठरवून आलेला. गेल्या काही दशकांत देणगीदारांचा कल बांधलेल्या निधीकडे आहे. ‘निकाल दाखवा’ म्हणायला तो सोयीचा पडतो. संस्थेचं धोरण कागदावर काहीही असो, पुढची तीन वर्षं ती काय करणार हे बहुतेक वेळा या निधीचे करारच ठरवतात.

मेक्सिको सिटी धोरण म्हणजे काय?

१९८४ मध्ये मेक्सिको सिटीला लोकसंख्येवरची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. रेगन सरकारने तिथे एक घोषणा केली: अमेरिकेबाहेरच्या ज्या बिगरसरकारी संस्थेला आमचा कुटुंब नियोजनाचा पैसा हवा असेल, तिने कुटुंब नियोजनाचं साधन म्हणून गर्भपाताची सेवा देऊ नये, त्याचा सल्ला देऊ नये, आणि आपल्या देशात तो कायदेशीर व्हावा म्हणून प्रयत्नही करू नये. बलात्कार, जवळच्या नात्यातल्या संबंधातून राहिलेला गर्भ आणि आईच्या जिवाला धोका हे अपवाद. विरोधक याला तोंडबंदीचा नियम म्हणतात.

खरी मेख पुढे आहे आणि बातम्यांत ती नेहमी गळते. अमेरिकी पैसा गर्भपातासाठी वापरायचा नाही ही बंदी त्याआधीच होती. १९७३ च्या हेल्म्स दुरुस्तीने ती घातली, आणि कोणत्याही पक्षाचा अध्यक्ष आला तरी ती आजपर्यंत कायम आहे. मेक्सिको सिटी धोरण त्यापुढे जातं. संस्थेचा बाकीचा पैसा, म्हणजे डच सरकारचा, स्थानिक देणगीदाराचा, पेशंटने भरलेल्या फीचा, तोसुद्धा ते आपल्या अटीत ओढतं. तुमच्या शंभर रुपयांतले वीस मी देतो आणि उरलेल्या ऐंशीचं काय करायचं तेही मीच सांगणार, असा हा व्यवहार आहे.

आणखी एक विसंगती आहे. मूळ धोरणात ही अट अमेरिकी संस्थांना स्वतःला थेट लागत नव्हती, कारण तिथल्या राज्यघटनेतलं भाषणस्वातंत्र्य आड येत होतं. त्यांनी ती फक्त आपल्या परदेशी भागीदारांवर लादायची होती. डीकेटी मेमोरियल फंड कोर्टात गेला, त्याच्या जोडीला एक भारतीय संस्थाही होती. १९८९ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने निकाल सरकारच्या बाजूने दिला. मतितार्थ असा, की परदेशातल्या परदेशी संस्थेला अमेरिकी घटनेचं संरक्षण मागता येत नाही.

१९८४ मध्ये आयपीपीएफने या अटीवर सही केली का?

नाही केली. त्या वेळी आयपीपीएफच्या अध्यक्ष होत्या आवाबाई वाडिया. जन्म कोलंबोचा, शिक्षण लंडनला बॅरिस्टरीचं, कामाची जागा मुंबई. फॅमिली प्लॅनिंग असोसिएशनच्या त्या संस्थापक सदस्यांपैकी. १९८३ ते १९८९ अशी त्यांची आयपीपीएफमधली कारकीर्द, म्हणजे पहिला वार थेट त्यांच्यावरच आला.

आयपीपीएफ स्वतः गर्भपाताचा प्रचार करत नव्हती. पण ज्या देशांत तो कायदेशीर होता तिथल्या काही सदस्य संघटना ती सेवा देत होत्या. भारतात तर १९७१ पासून कायदाच होता. सही करायची म्हणजे आपल्याच सदस्यांना ‘तुमच्या देशाच्या कायद्याने दिलेलं काम बंद करा’ असं सांगायचं. वाडियांच्या मंडळाने नकार दिला आणि उत्पन्नाचा पाचव्याहून मोठा हिस्सा गेला. संस्था बुडाली नाही, कारण स्कँडिनेव्हियन देश आणि जपान पाठीशी होते. नकार देणारी माणसं धीराची होती यात वादच नाही, पण त्या धीराला एकाहून अधिक देणगीदारांचा टेकू होता हेही विसरू नये.

मग हे धोरण अजून चालू आहे का? दर काही वर्षांनी बातमी येते.

अध्यक्ष बदलला की धोरण बदलतं. क्लिंटनने जानेवारी १९९३ मध्ये रद्द केलं, धाकट्या बुशने जानेवारी २००१ मध्ये परत आणलं, ओबामाने जानेवारी २००९ मध्ये काढलं, ट्रम्पने जानेवारी २०१७ मध्ये परत आणलं, बायडेनने जानेवारी २०२१ मध्ये काढलं, ट्रम्पने जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा आणलं.

२०१७ चा बदल मोठा होता. तोवर ही अट कुटुंब नियोजनाच्या सुमारे ६० कोटी डॉलरपुरती होती. ट्रम्प सरकारने ती एचआयव्ही, हिवताप, क्षयरोग, पोषण अशा जवळजवळ सगळ्या आरोग्यमदतीला लावली, म्हणजे सुमारे ८८० कोटी डॉलरना. २०१९ मध्ये आणखी एक गाठ मारली: सही करणाऱ्या संस्थेने दुसऱ्या कुणाच्या पैशातूनही गर्भपाताशी संबंधित परदेशी संस्थेला अनुदान द्यायचं नाही.

या लंबकाचा खरा जाच प्रशासकीय आहे. दवाखाना उभारायला, नर्स शिकवायला, गावाचा विश्वास बसायला वर्षं जातात. पण पैसा दर निवडणुकीला थांबणार की नाही हे कुणीच सांगू शकत नाही. म्हणून धोरण रद्द झालं तरी बऱ्याच संस्था जुन्याच सावधपणाने वागत राहतात. पुढच्या जानेवारीत कुणी यायचं कोण जाणे!

सही न करणाऱ्यांचं काय होतं?

पैसा जातो, आणि पैशाबरोबर मालही जातो. अमेरिका गर्भनिरोधकांचा मोठा पुरवठादार देश होता. २०१७ मध्ये मेरी स्टोप्सने सही केली नाही, तेव्हा तिच्या देणगी-उत्पन्नाचा सुमारे १७ टक्के हिस्सा गेला. आयपीपीएफने तेव्हा आपलं नुकसान १० कोटी डॉलरच्या घरात धरलं होतं.

नेपाळचं उदाहरण जास्त बोलकं आहे. २००१ पर्यंत तिथे गर्भपात हा जवळजवळ सर्व परिस्थितीत गुन्हा होता आणि त्यासाठी बायका तुरुंगात होत्या. नेपाळची कुटुंब नियोजन संघटना कायदा बदलावा म्हणून झटत होती. नेमकी त्याच वर्षी बुश सरकारची अट आली. सही केली तर अमेरिकी पैसा राहणार, पण स्वतःच्या देशाच्या संसदेपुढे स्वतःच्या देशाच्या कायद्याबद्दल बोलता येणार नाही. संघटनेने सही केली नाही. २००२ मध्ये नेपाळचा कायदा बदलला. ‘मदतीच्या अटी म्हणजे अंतर्गत कारभारात ढवळाढवळ’ हे वाक्य आपण सभांमधून शंभरदा ऐकतो. त्याचा अर्थ इथे दिसतो.

आणि सही करणाऱ्यांचं?

त्यांचा पैसा चालू राहतो. नियमात परवानगी असलेल्या गोष्टीही त्या हळूहळू सोडून देतात. गर्भपातानंतर प्रकृती बिघडलेल्या बाईवर उपचार करायला धोरणाची आडकाठी नाही. पण उगीच तपासनिसाच्या डोळ्यांवर यायला नको म्हणून केंद्रचालक ती जबाबदारी टाळतात. बैठकीला जाणं टळतं, पत्रकातली एक ओळ गाळली जाते. अशा गोष्टींची नोंद कुठल्याच हिशेबात नसते.

सही करणारे सगळे लाचार, असं मात्र म्हणवत नाही. ज्या संस्थेचे निम्मे पगार एकाच देणगीदाराच्या पैशातून निघतात, तिच्या संचालकाला नकार देताना रोजच्या रांगेतल्या बायका दिसत असतात.

या धोरणाने गर्भपात तरी कमी झाले का?

उलट झालं. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०१९ साली आलेल्या अभ्यासात आफ्रिकेतले २६ देश १९९५ ते २०१४ या काळात पाहिले. जे देश अमेरिकी मदतीवर जास्त अवलंबून होते तिथे धोरण लागू असताना गर्भपात सुमारे ४० टक्क्यांनी वाढले आणि आधुनिक गर्भनिरोधकांचा वापर घटला. धोरण उठलं की कल उलटा फिरला. कारण सरळ आहे. सही न केलेल्या ज्या संस्थांचा पैसा गेला, त्याच गर्भनिरोधकं पोचवणाऱ्या मोठ्या संस्था होत्या.

हे लेखी अटींचं झालं. न लिहिलेल्या अटी असतात का?

असतात, आणि माझ्या मते त्याच जास्त भारी पडतात. लेखी अट दिसते, तिच्यावर लेख येतात, कोर्टात जाता येतं. मोजमापाची अट कुणाच्या लक्षात येत नाही.

एक आकडा जवळून बघा. देणगीदारांना सादर होणाऱ्या अहवालांत ‘जोडपे-वर्ष संरक्षण’ हे एकक असतं, इंग्रजी आद्याक्षरांनी सीवायपी. एका जोडप्याला एक वर्ष गर्भधारणेपासून संरक्षण म्हणजे एक सीवायपी. यूएसएआयडीने, म्हणजे अमेरिकी सरकारच्या परदेशी मदतसंस्थेने, वापरात आणलेल्या कोष्टकानुसार १२० निरोध वाटले की १ सीवायपी. गोळ्यांची १५ पाकिटं म्हणजे १. इंजेक्शनचे ४ डोस म्हणजे १. एक तांबी बसवली की थेट ४.६. आणि एक नसबंदी शस्त्रक्रिया म्हणजे १०. भारत, नेपाळ आणि बांगलादेशासाठी तर १३.

आता तुम्ही जिल्ह्याचे कार्यक्रम व्यवस्थापक आहात आणि मार्चअखेर २०,००० सीवायपी दाखवायचे आहेत असं समजा. निरोध वाटून तिथे पोचायचं तर २४ लाख नग लागतील. नसबंद्या केल्या तर दीड हजारांच्या आसपास पुरतील. ‘नसबंदीच करा’ असं करारात कुठेही लिहिलेलं नाही. उलट ‘स्त्रीला सर्व साधनांतून निवड करता आली पाहिजे’ असंच लिहिलेलं आहे, आणि ते मनापासून लिहिलेलं असतं. तरी शिबिरात नर्सबाई कुठल्या बाजूला झुकतील हे सांगायला ज्योतिषी नको.

हे एकक निरुपयोगी आहे असं नाही. मालाचा अंदाज बांधायला ते चांगलं आहे. पण त्यावरून संस्थांची तुलना व्हायला लागली आणि पुढचं अनुदान ठरायला लागलं, की बाईला तांबी नको असताना किंवा काढून हवी असताना काय झालं, हा प्रश्न अहवालातून गायब होतो. तांबी काढली तर सीवायपी मिळत नाही.

भारतावर असा दबाव कधी आला होता का?

आला होता, आणि तो उजव्या बाजूचा गर्भपातविरोधी दबाव नव्हता. तो ‘लोकसंख्या लवकर आवरा’ असा होता. आज स्वातंत्र्याच्या गप्पा मारणाऱ्या बऱ्याच संस्था आणि देणगीदार तेव्हा त्याच बाजूला होते.

१९६५-६६ च्या दुष्काळात अमेरिकी गहू जहाजागणिक तोलून मापून पाठवला जात होता. अध्यक्ष जॉन्सन यांनी शेतीधोरण आणि कुटुंब नियोजन या दोन्हींबाबत भारताकडून हालचालीची अपेक्षा ठेवली होती. त्याच काळात संयुक्त राष्ट्रांचं सल्लागार पथक येऊन गेलं, लूप बसवण्याची मोहीम निघाली, राज्यांना उद्दिष्टं वाटली गेली. १९७० च्या दशकात जागतिक बँक आणि स्वीडनने मिळून कर्नाटक आणि उत्तर प्रदेशात लोकसंख्या प्रकल्पाला पैसा दिला. मग आणीबाणी. १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या. नोव्हेंबर १९७६ मध्ये, सक्ती भरात असताना, जागतिक बँकेचे अध्यक्ष मॅक्नामारा भारतात आले आणि सरकारच्या निर्धाराचं कौतुक करून गेले.

महाराष्ट्र यात मागे नव्हता. १९७६ मध्ये आपल्या विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. हे परदेशी पैशाने करवून घेतलं असं म्हणणं मात्र पळवाट ठरेल. आपल्याकडच्या राज्यकर्त्यांना आणि शिकलेल्या मध्यमवर्गाला ते मनापासून हवं होतं. देणगीदारांचा दोष एवढाच, की त्यांच्या हाती लगाम असताना त्यांनी तो ओढला नाही. आठच वर्षांनी गर्भपाताच्या प्रश्नावर त्यांची सरकारं लगाम किती कचकचून ओढू शकतात हे जगाने पाहिलं.

१९९४ च्या कैरोतल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या परिषदेनंतर भाषा बदलली. १९९६ मध्ये भारताने केंद्राकडून येणारी उद्दिष्टं काढून टाकली. अमेरिकेनेही १९९८ मध्ये टियार्ट दुरुस्ती करून आपल्या पैशातल्या प्रकल्पांत नसबंदीचे कोटे आणि आमिषं बंद केली. देणगीदाराची अट बाईच्या बाजूने पडू शकते याचं हे चांगलं उदाहरण. सगळ्या अटी वाईट असं म्हणणाऱ्यांनी ते लक्षात ठेवावं.

यूएनएफपीए तर संयुक्त राष्ट्रांची संस्था. ती तरी स्वतंत्र असेल ना?

तिचाही पैसा देशांच्या ऐच्छिक वर्गणीतून येतो. १९८५ च्या केम्प-कास्टन दुरुस्तीने अमेरिकेच्या अध्यक्षाला असा अधिकार दिला, की सक्तीच्या गर्भपाताला वा नसबंदीला साथ देणाऱ्या संस्थेचा पैसा रोखावा. रोख चीनवर होता. २००२ मध्ये अमेरिकेच्याच परराष्ट्र खात्याचं पथक चीनला जाऊन आलं आणि यूएनएफपीए सक्तीत सामील असल्याचा पुरावा नाही असं त्याने कळवलं. तरी ३.४ कोटी डॉलर रोखले गेले. त्यावर दोन अमेरिकी बायकांनी ३ कोटी ४० लाख लोकांकडून एकेक डॉलर गोळा करण्याची मोहीम काढली होती.

ही संस्था पूर्णपणे बळीच होती असं मात्र नाही. १९८३ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पहिला लोकसंख्या पुरस्कार दिला गेला, तो इंदिरा गांधी आणि चीनचे कुटुंब नियोजन मंत्री च्यान शिनचोंग यांना विभागून. आणीबाणीला जेमतेम सहा वर्षं झाली होती.

युरोपीय देणगीदार अटी घालत नाहीत का?

घालतात, फक्त त्या या क्षेत्रातल्या लोकांना आवडणाऱ्या असतात. २०१७ मध्ये डच मंत्री लिलियान प्लॉमेन यांनी ‘शी डिसाइड्स’ मोहीम सुरू केली. ब्रसेल्सच्या पहिल्याच परिषदेत १८.१ कोटी युरोंची आश्वासनं मिळाली. त्याच वर्षी स्वीडनच्या मदतसंस्थेने उलट पवित्रा घेतला: अमेरिकी अटीवर सही करणाऱ्यांना लैंगिक आणि प्रजनन आरोग्याचा आमचा पैसा नाही. एखाद्या छोट्या आफ्रिकी संस्थेच्या जागी उभं राहून बघा. दोन्ही बाजूंनी ‘आमच्याकडे या’ असा आग्रह, आणि कुणाचीही बाजू घेतली तरी दुसऱ्याचा दरवाजा बंद.

बरं, अट नसली तरी भरवसा असतोच असंही नाही. ब्रिटन या क्षेत्रातला भरवशाचा दाता समजला जाई. २००६ मध्ये आयपीपीएफकडे सुरक्षित गर्भपातासाठीचा वेगळा निधी सुरू झाला, त्यालाही ब्रिटनच्या ३० लाख पौंडांनी चालना मिळाली होती. २०२१ मध्ये ब्रिटनने परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांवरून ०.५ वर आणली. यूएनएफपीएच्या गर्भनिरोधक पुरवठ्याला १५.४ कोटी पौंड मिळायचे होते, मिळाले सुमारे २.३ कोटी. यात तत्त्वाचा वाद नव्हता की कुणाची तोंडबंदी नव्हती. ताळेबंदातली एक ओळ खाली आली, एवढंच.

मोठ्या फाउंडेशनांचं काय? ती तर सरकारं नाहीत.

सरकारं नाहीत, म्हणून त्यांना निवडणुकीत पाडताही येत नाही. २०१२ च्या लंडन शिखर परिषदेत गेट्स फाउंडेशन आणि ब्रिटिश सरकार यांनी २०२० पर्यंत आणखी १२ कोटी स्त्रिया-मुलींपर्यंत गर्भनिरोधकं पोचवण्याचं उद्दिष्ट मांडलं. उद्दिष्ट आलं की मोजणी आली. मोजणीचं आत्ताच वर वाचलंत.

गेट्स फाउंडेशन गर्भपाताला पैसा देत नाही, हे मेलिंडा गेट्स यांनी २०१४ मध्ये उघडपणे सांगितलं. तो त्यांचा निर्णय, आणि त्यात लपवाछपवी नाही. पण इतका मोठा देणगीदार एक विषय टाळतो तेव्हा ज्यांना त्याचा पैसा हवा असतो तेही तो विषय मागच्या बाकावर बसवतात. कुणी सांगावं लागत नाही. या उलट टोकाला वॉरन बफे यांच्या दिवंगत पत्नीच्या नावाचं फाउंडेशन आहे. ते गर्भपाताच्या कामाला भरघोस पैसा देतं आणि शक्यतो नाव येऊ देत नाही. निनावी देणगीत संस्थेला मोकळीक जास्त मिळते हे खरं, पण धोरणावर कुणाचा हात आहे हे बाहेरच्याला कळत नाही हेही तितकंच खरं.

स्वतः कमावून स्वतंत्र राहता येत नाही का?

डीकेटीने ते करून दाखवलं, काही अंशी. फिल हार्वी हा अमेरिकी माणूस १९६० च्या दशकात ‘केअर’ संस्थेसाठी भारतात मुलांच्या आहाराचं काम करत होता. पुढे त्याने अमेरिकेत प्रौढांसाठीच्या वस्तू टपालाने विकणारी कंपनी काढली, तीत बक्कळ पैसा केला, आणि त्यातला बराचसा कुटुंब नियोजनात घातला. संस्थेला नाव दिलं ते आपल्या कुटुंब नियोजन खात्यातले अधिकारी डी. के. त्यागी यांचं. आपल्याकडे दवाखान्यांच्या भिंतींवर दिसणारा लाल त्रिकोण त्यागींच्या काळातला. डीकेटी निरोध, गोळ्या, तांब्या स्वस्तात विकते आणि तिचा बराचसा खर्च विक्रीतूनच निघतो.

म्हणून तिला नकार परवडला. एचआयव्हीसाठीच्या अमेरिकी निधीला ‘वेश्याव्यवसायाला आमचा विरोध आहे’ असं लेखी धोरण स्वीकारण्याची अट होती. वेश्यावस्तीत निरोध पोचवणाऱ्या संस्थेने असं लिहून दिलं तर तिथल्या बायका तिच्याशी बोलतील कशा? डीकेटीने सही नाकारली, व्हिएतनाममधल्या प्रकल्पाचं अनुदान गेलं, आणि ती कोर्टात गेली. २००७ मध्ये अपिलात हरली. २०१३ मध्ये दुसऱ्या संस्थांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तीच अट अमेरिकी संस्थांपुरती घटनाबाह्य ठरवली. २०२० मध्ये मात्र त्याच न्यायालयाने सांगितलं, की त्या संस्थांच्या परदेशी शाखांना हे संरक्षण नाही.

विक्रीचा मार्ग सगळ्यांना चालत नाही. जिच्याकडे निरोधचे पैसे नाहीत ती ग्राहक होत नाही.

ज्याचा पैसा त्याने अट घालायची नाही, हे कुठलं शास्त्र?

प्रश्न रास्त आहे. करदात्याच्या पैशाचं काय होतं हे ठरवायचा हक्क त्याच्या सरकारला आहेच. माझा पैसा अमुक कामाला वापरू नका, ही अट मला मान्य आहे. हेल्म्स दुरुस्ती मला पटत नाही, पण ती त्या हक्कात बसते. तुझ्या पैशाने तू काय करायचं आणि तुझ्या संसदेत काय बोलायचं हेही मीच ठरवणार, ही अट त्या हक्काबाहेरची आहे. या दोहोंमधली रेषा पुसट नाही. ती पुसट असल्याचं भासवण्यात दोन्ही बाजूंच्या काही लोकांची सोय असते.

भारतातल्या संस्थांचं काय? इथे तर एफसीआरए आहे.

हो, एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा आपला कायदा. म्हणजे आपल्या संस्थेवर दोन्हीकडून लगाम. देणगीदाराचा एक आणि दिल्लीचा दुसरा. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी पैसा नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. सर्वात मोठा फटका तिसऱ्या तरतुदीचा: मिळालेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. पूर्वी मुंबईची मोठी संस्था अनुदान आणायची आणि नंदुरबार-गडचिरोलीच्या छोट्या गटांना वाटायची. त्या गटांना इंग्रजी प्रस्ताव लिहायची गरज नव्हती. ती साखळी तुटली.

२०२५ मध्ये नेमकं काय झालं?

जानेवारीत मदत गोठवली, त्याच महिन्यात मेक्सिको सिटी धोरण परत आलं, आणि १ जुलैला यूएसएआयडी ही संस्थाच बंद करून उरलंसुरलं काम परराष्ट्र खात्यात घातलं. कुटुंब नियोजनाचे बहुतेक सगळे प्रकल्प रद्द झाले. अट मान्य आहे की नाही हे विचारायला समोर कुणी उरलंच नाही. ज्यांनी आजवर निमूटपणे सह्या केल्या होत्या त्यांचेही पैसे गेले.

बेल्जियममधल्या एका गोदामात सुमारे ९७ लाख डॉलरची गर्भनिरोधकं पडून होती. इम्प्लांट, तांब्या, गोळ्या. अमेरिकी करदात्याच्या पैशाने विकत घेतलेली, मुदत शिल्लक असलेली. ती जाळून टाकायचं ठरलं. यूएनएफपीए, आयपीपीएफ आणि एमएसआय यांनी माल विकत घेण्याची किंवा आपल्या खर्चाने उचलून न्यायची तयारी दाखवली. ती नाकारली गेली.

एखाद्या संस्थेचा वार्षिक अहवाल हातात आला तर काय बघायचं?

फोटो सोडून द्या आणि शेवटच्या पानांवर जा. सर्वात मोठ्या देणगीदाराचा एकूण उत्पन्नातला वाटा बघा. तो तिसऱ्या हिश्श्यापुढे गेला असेल तर पुढची पानं त्या नजरेने वाचा. मोकळा निधी किती आणि बांधलेला किती, हे हिशेब-तपासनिसाच्या टिपांत असतं. राखीव निधीवर संस्था किती महिने तग धरेल हे काढा, कारण नकार द्यायची ऐपत तेवढ्याच महिन्यांची असते. मंडळावर सेवा घेणाऱ्या समाजातलं कुणी आहे की सगळे अनुदानाच्या वर्तुळातलेच आहेत, ते पाहा. यशाचे आकडे फक्त सीवायपीत दिलेत की किती जणींनी साधन बदललं वा काढून घेतलं तेही दिलंय, हेही बघण्यासारखं आहे. कधी एखादा निधी नाकारल्याचा उल्लेख असेल तर त्याचं कारण कोणत्या शब्दांत दिलंय ते वाचा.

भारतीय संस्था असेल तर एफसीआरएखाली तिला दरवर्षी एफसी-४ हे विवरणपत्र भरावं लागतं, आणि परदेशी देणग्यांचा तपासलेला हिशेब आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत स्वतःच्या किंवा सरकारच्या संकेतस्थळावर ठेवावा लागतो. मार्चअखेरचा हिशेब डिसेंबरअखेरपर्यंत दिसला नाही, तर संस्थेच्या कार्यालयात पत्र टाकून मागा.